बुधीबाईंचा लांबलेला धवळा

बुधीबाई चिडल्या की शुद्ध बोलायच्या.

एरवी त्यांच्या तोंडात दोन बोली नांदत. आपल्या ठाकर माणसांत ठाकरी आणि आम्हा खालच्या गावकऱ्यांशी मावळी. पुस्तकातली मराठी त्यांनी ठेवणीतल्या लुगड्यासारखी घडी घालून ठेवली होती. ती बाहेर निघाली की समोरच्यानं समजून घ्यायचं. एकदा मी चपला घालून त्यांच्या वर्गात शिरलो. "गुरुजी, कृपा करून पादत्राणे बाहेर काढावीत," हे वाक्य त्यांनी अशा काही आवाजात म्हटलं, की पुढं कित्येक दिवस मी देवळाबाहेर काय, पोस्टाबाहेरसुद्धा चपला काढत होतो.

पन्नास सालानंतरचा तो काळ. मी मूळचा भूगावचा. आता भूगावात मोकळी जागा शोधावी लागते, तेव्हा तिथं भाताची खाचरं होती. आमच्या घरात शिकून मास्तर झालेला मी पहिला, त्यामुळं डोकं जरा आभाळात होतं. नेमणूक झाली ती मुळशीच्या तलावाकाठच्या एका गावात. पौडपर्यंत एसटी, पुढं मिळेल ते वाहन आणि शेवटी आपले पाय. गावामागं ताम्हिणीच्या अंगाला एक डोंगर उठतो. त्याच्या खांद्यावर हिरड्याची वाडी. तिथल्या एकशिक्षकी शाळेवर अधूनमधून नजर टाकायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्यावर सोपवलं. मी हुशार म्हणून नव्हे, तो चढ चढायची त्यांची स्वतःची तयारी नव्हती म्हणून.

पहिल्यांदा चढलो तेव्हा छातीचा भाता झाला होता. वाडी दिसायच्या आधी गाणं ऐकू आलं. बायकांच्या लग्नातल्या गाण्याची चाल होती. वाडीत लग्न असेल तर आज शाळा कसली भरतेय, असं म्हणून मी आनंदानं मागं वळणार होतो. तेवढ्यात नीट ऐकलं तर गाण्यात 'सात सक बेचाळ' असं आलं. पुढं जाऊन बघतो तर कुडाच्या भिंतींची एक खोली, आत शेणानं सारवलेली जमीन, जमिनीवर पोरं, आणि त्यांच्यासमोर मांडी घालून एक ठेंगणी बाई. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, गुडघ्यापर्यंत कसलेलं लुगडं, गाल एका बाजूला फुगलेला. त्या गालात हिरड्याचा तुकडा असे. त्यांनी मला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं आणि कनवटीचा एक हिरडा काढून हातावर ठेवला.

"घ्या गुरजी. गळ्याला बरा."

तो तुरट हिरडा चघळून माझं तोंड असं आवळलं की तपासणीत विचारायचे सगळे प्रश्न मनातच राहिले. बुधीबाईंची ही रीत होती. वर येणाऱ्या प्रत्येक सरकारी माणसाला आधी हिरडा मिळे.

त्यांना गळा जपावा लागे त्याला कारण होतं. त्या नुसत्या मास्तरीण नव्हत्या, वाडीच्या धवळारीण होत्या. त्यांच्याकडच्या लग्नात भटजी नसतो, लग्न लावते ती बाई. ती मांडवात बसते आणि धवळा गाते. धवळ्यात एकेका देवाला लग्नाला बोलवायचं, डोंगराला बोलवायचं, पाण्याला बोलवायचं, मेलेल्या वाडवडिलांना बोलवायचं. आला की त्याला पाट द्यायचा. सगळे येऊन बसले की शेवटचं कडवं म्हणायचं, मग लग्न लागलं. एकही देव उभा असेल तर शेवटचं कडवं म्हणता येत नाही, आणि ते झाल्याशिवाय पंगत बसत नाही. बुधीबाईंना हा धवळा घाटाखालच्या त्यांच्या मावशीनं दिला होता. तो एकीनं एकीलाच द्यायचा, असा नेम.

थोडक्यात, वाडीतलं पोर शाळेत येतं तेव्हा त्याला पाटी धरायला शिकवायची बुधीबाईंनी, आणि मोठं झालं की लग्न लावायचं तेही बुधीबाईंनी. दोन्ही कामांत त्या सारख्याच कडक होत्या.

सकाळी शाळा उघडायच्या आधी त्या वाडीच्या वेशीवरच्या वाघोबाला जात. शेंदूर लावलेला एक दगड, त्यावर वाघाचं कोरीव काम, पावसानं निम्मं धुऊन गेलेलं. तिथं त्या देवाशी बोलत. हात जोडून मागणं वगैरे नाही, शेजाऱ्याशी बोलावं तसं. काल कुणाची शेळी नेलीस, ती गरीब बाईची होती, तुला काही वाटलं का, असं. मी तेव्हा नव्या विचारांचा होतो. एकदा मोठ्या समजूतदारपणे विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही खरंच वाघाला देव मानता?"

"तुमी वाघ बगितलाय का गुरजी? समोरासमोर?"

"नाही."

"म्हनून इचारताय," असं म्हणून त्या वर्गात गेल्या.

त्या शिकल्या कशा, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं. मध आणि हिरडा विकायला त्या पौडच्या बाजाराला जात. तिथं एका ओसरीवर एक सेविकाबाई मोठ्या बायकांचा वर्ग घेत. बुधीबाई डोक्यावर हिरड्याची पाटी घेऊन दारात थांबल्या. आत बायका एकसुरात काहीतरी म्हणत होत्या. "मला वाटलं गानं हाय. अन् ते मला येत न्हवतं. अवो, धवळारीण मी. मुलखातलं एक गानं मला येत न्हाई म्हंजे काय?" ते गाणं म्हणजे बाराखडी होती. ती पाठ करायला म्हणून त्या ओसरीवर चढल्या, त्या काही वर्षांनी फायनलच्या, म्हणजे सातवीच्या परीक्षेला बसूनच उतरल्या. त्यांचा नवरा हिरू अबोल माणूस. बायको शिकते म्हणून वाडीत लोकांनी त्याला चिक्कार चिडवलं. तो बाजाराच्या दिवशी मधाचा डबा स्वतःच्या डोक्यावर घेऊन पौडला चालू लागला, म्हणजे हिचे हात पुस्तकाला मोकळे. यावर तो बोलला मात्र काहीच नाही. बुधीबाई म्हणत, "त्यांच्या वाटचं मीच बोलून टाकते."

परीक्षेत मोठी गंमत झाली. मिसरूड फुटलेल्या पोरांच्या रांगेत बाई बसल्या त्या जमिनीवर आणि पेपर ठेवला बाकावर. पर्यवेक्षक म्हणाले, वर बसा. या म्हणाल्या, "पाय लोंबकळले की डोस्कं चालत न्हाई." बरं, तेही त्यांनी चालवून घेतलं. पण भूगोलाच्या पेपरला बाई गुणगुणू लागल्या. सगळा भूगोल त्यांनी धवळ्याच्या चालीवर पाठ केलेला, तो गायल्याशिवाय आठवणार कसा? पर्यवेक्षकांनी दोनदा गप्प केलं. तिसऱ्यांदा त्यांनाच हसू आलं आणि बाईंना बाहेर पडवीत नेऊन बसवलं. तिथं बुधीबाईंनी भारताच्या सगळ्या नद्या, डोंगर आणि खनिजं मनसोक्त गाऊन उतरवली आणि पास झाल्या.

पुढं स्वतःच्या शाळेत त्यांनी तोच मार्ग धरला. त्यांची पोरं गाऊनच शिकत. याचा त्रास झाला तो तपासणीला आलेल्या दिपोटींना. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. माणूस स्थूल आणि भला होता. घामाघूम होऊन वर आले, हिरडा चघळला, आणि वाडीच्या कारभाऱ्याची नात ठमी हिला उभं करून विचारलं, "सात आठे किती?"

ठमीनं डोळे मिटले, हात जोडले आणि सात एके सातपासून सुरुवात केली.

"अगं, मधलंच सांग."

"मधलंच कसं सांगू सायेब?" ठमी डोळे न उघडता म्हणाली. "मधूनच सुरू केलं की पयले देव रुसत्यात."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी कौलांकडं पाहिलं. मग साहेब पोट धरून हसले आणि सबंध सातचा पाढा त्यांनी गाण्यात ऐकून घेतला. उतरताना तेही तीच चाल गुणगुणत होते.

बुधीबाई म्हणत, "देवाला ऐकू येतं, सायबाला दिसतं. म्हनून देवाफुडं गावं अन् सायबाफुडं दावावं." दाखवायला त्यांच्याकडं पुष्कळ होतं, पण दिवाळीपर्यंतच. दिवाळी झाली की ठेकेदाराचा ट्रक डोंगराच्या पायथ्याशी येऊन उभा राहायचा आणि वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर जायची. बाया, बापे, बुधीबाईंचा हिरू, म्हातारी, तान्ही, कोंबड्या, सगळं. ते शिमग्याला परत येणार. मधले महिने वाडीत कुत्रीसुद्धा राहत नसत. राहायच्या त्या बुधीबाई, त्यांची मुलगी सकू आणि शाळा. परत आलेल्या पोरांना पहिलं अक्षरसुद्धा आठवत नसे. बुधीबाई पुन्हा 'अ'पासून सुरू करत.

एका माघात दिपोटी न कळवता आले. मी त्यांच्याबरोबर वर गेलो. वर्गात एकटी सकू. बुधीबाईंनी तिच्या एकटीसाठी प्रार्थना घेतली, फळ्यावर सुविचार लिहिला, सकूनं उठून साहेबांना खणखणीत नमस्ते केलं. साहेब टोपी हातात घेऊन उभे राहिले. त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं.

"बाई, तुमच्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पोरांवाचून शाळा कशी चालू ठेवू? पुढच्या माघातही असंच दिसलं तर शाळा बंद करा, असं मला वर लिहावं लागेल."

"साहेब, पुढील माघात आपणांस येथे विद्यार्थी दिसतील," बुधीबाई म्हणाल्या.

शुद्ध मराठी ऐकताच मी आधी माझ्या चपला कुठं आहेत ते पाहिलं. पण त्या साहेबांवर चिडल्या नव्हत्या. साहेब पुढं उतरले, तशा त्या वाघोबापर्यंत माझ्याबरोबर आल्या आणि म्हणाल्या, "लखमा कारभाऱ्याला चार वरसं सांगतेय गुरजी. लेकरं हितं ठिवा. त्यो म्हनतो, आईबापाबिगर लेकरू ठिवायचं व्हय? त्याचंबी खोटं न्हाई. पन शाळा एकदा गेली की पुन्यांदा ह्या चढावर कोन आननार?"

लखमा कारभारी म्हणजे वाडीचा प्रमुख. माणूस सरळ, पण त्यानं एकदा मान हलवली की डोंगर हलेल, मान परत हलायची नाही. त्याच्या धाकट्या मुलाचं, काळूचं लग्न येत्या चैत्रात होतं. माझ्या डोक्यात एक कल्पना चमकली आणि मी ती बोलून बसलो. "बाई, लग्न तुम्हीच लावणार ना? सांगून टाका, पोरं वाडीत ठेवायचं कबूल केल्याशिवाय धवळा म्हणणार नाही."

बुधीबाईंचा चेहराच उतरला. त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या आणि वाघोबाकडं पाहिलं, त्यानं ऐकलं की काय म्हणून.

"असं बोलू नगा. जी धवळारीण मांडवाला न्हाई म्हनती तिचा गळा देव काडून घेतो. गळा गेला तर धवळा गेला. माझ्यामागं कुनाला दिलेला न्हाई अजून." मग त्या म्हणाल्या, "गानं माझं न्हाई गुरजी. माझ्याकडं निसतं ठिवाया दिलंय."

मी खजील झालो आणि तो विषय तिथंच टाकला. त्यांनी मात्र टाकला नव्हता.

चैत्रात लग्नाला मला आमंत्रण होतं. मी भल्या सकाळी पोटात काही न घालता निघालो, कारण ठाकरांच्या लग्नातल्या जेवणाची कीर्ती ऐकून होतो. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, घाटाखालून आलेलं नवरीचं वऱ्हाड, तीन दगडांच्या चुलींवर मोठाली भांडी. मला पाहुणा म्हणून बाजेवर बसवलं. ती बाज नेमकी चुलींच्या वाऱ्याच्या बाजूला होती.

ऊन डोक्यावर आलं तसा बुधीबाईंनी धवळा धरला.

पयला मान कुनाला, डोंगराच्या देवाला,
ये रं देवा मांडवाला, पाट ठिवला बसायाला.

आवाज असा की मांडवातल्या पोरांचा गलका आपोआप थांबला. डोंगराचा देव आला, बसला. वाघोबा आला, बसला. पाण्याची आई आली, धान्याची देवी कणसरी आली, वाडवडील आले. प्रत्येकाला पाट मिळाला. बायका मागून ओळ उचलत होत्या. साधारण इथं शेवटचं कडवं यायचं, असं शेजारच्या म्हाताऱ्यानं मला सांगितलं आणि पंगतीत जागा धरायला तो उठलासुद्धा. बुधीबाईंनी एक घोट पाणी घेतलं, हिरडा या गालातून त्या गालात केला आणि गंगेला बोलावलं.

लोकांनी माना डोलावल्या. गंगा येऊ नये असं कोण म्हणेल? गंगेमागून यमुना आली. मग ब्रह्मपुत्रा, मग महानदी, नर्मदा, तापी. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या हात जोडत होत्या. एकट्या मला कळत होतं, की हा चौथीचा भूगोल चालू आहे. नद्या संपल्या तशी डोंगरांची रांग लागली. म्हातारा पंगतीतून परत येऊन माझ्याजवळ बसला. आमच्या दोघांच्या पोटात कावळे ओरडत होते. डोंगरांमागून खनिजं आली.

दगडी कोळसा कुटं निगं, झरियाच्या खानीला,
ये रं बाबा मांडवाला, पाट ठिवला बसायाला.

कोळसा म्हटल्यावर सगळी वाडी सावरून बसली. तो तर त्यांचा घरचाच देव.

नवऱ्यामुलीची मान मुंडावळ्यांनी वाकली होती. काळू उभ्या उभ्या पेंगत होता. कुठंतरी लहान पोर रडायला लागलं तशा बुधीबाई चाल न मोडता गात गातच म्हणाल्या, "लेकरांला वाडा गं, लेकरांला उपास न्हाई." पोरांची पंगत बसली. आम्ही मोठी माणसं त्यांच्या पत्रावळींकडं बघत राहिलो. माझ्यातला शिक्षक त्या वेळी कुठं होता कोण जाणे, एका पोराच्या भाकरीकडं मी फार वाईट नजरेनं बघत होतो.

पोरं जेवून, हात धुऊन मांडवाच्या कडेला येऊन बसली. बुधीबाईंनी त्यांच्याकडं वळून सूर लावला, "बे एके बे." आणि वाडीतल्या झाडून साऱ्या पोरांनी, भरल्या पोटानं, जिवाच्या करारानं पुढचं उचललं. बे दुणे चार. त्याच चालीत. आईबापांनी आपली पोरं अशी एका वेळी कधी ऐकलीच नव्हती. शाळा भरे तेव्हा ते रानात असत. ठमी सगळ्यांच्या पुढं, डोळे मिटून, हात जोडून. लखमा कारभारी नातीकडं बघतच राहिला. मग भानावर येऊन त्यानं हात वर केला.

"बाई, समदे देव कळले. ह्यो कोंचा देव?"

बुधीबाईंनी गाणं सोडलं नाही. उत्तरही धवळ्यातच दिलं.

ह्यो शाळंचा देव, कारभारी, न्हाई त्याला पाट,
दिवाळीच्या मागं एकला, बगतो लेकरांची वाट.

नवरीकडचा एक माणूस ताडकन उठला. "देवाच्या गान्यात शाळा घुसवली व्हय? भरल्या मांडवात धवळारीण न्हाई म्हनती?"

"मी न्हाई कुटं म्हनले?" बुधीबाई प्रथमच गाणं थांबवून बोलल्या. घाम गोंदणावरून ओघळत होता. "गातेय की दुपारधरनं. पन देव उभा हाय. उभ्या देवाला सोडून शेवटाचं कडवं मी म्हनू कशी? तुमीच सांगा. लेकरं हितं ऱ्हातील असा शब्द द्या. त्योच त्याचा पाट."

गळा पणाला लावला होता त्यांनी, आणि देव हे कसं घेईल ते त्यांना खरंच माहीत नव्हतं. माझी भूक कुठल्या कुठं पळाली.

कारभारी म्हणाला, "बाई, आमी नगं म्हनत न्हाई. पन लेकरांला बगनार कोन?"

तेवढ्यात त्याची म्हातारी आई, कोंडाबाय, खांबाचा आधार घेत उठली. "मी बगते. भट्टीवर माझं काय काम हाय रं? दर साली निसता धूर खायाला नेता मला."

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा मांडव हसला. एक म्हातारा म्हणाला, धूर मलाबी सोसत न्हाई. दुसरी म्हणाली, माझे गुडघे ट्रकात चढायचे न्हाईत. बघता बघता वाडीतली सगळी म्हातारी माणसं पोरांकडं जायला तयार झाली. इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. प्रत्येक घरानं जाताना वरी-नाचणीची एक टोपली शाळेत ठेवायची, असंही तिथंच ठरलं. मग लखमा कारभाऱ्यानं स्वतः एक पाट आणला, धुतला, बाकीच्या देवांच्या ओळीत मांडला आणि त्यावर तांदूळ ठेवले. मांडवात ठेवलेले तांदूळ म्हणजे शब्द. तो फिरत नाही.

बुधीबाईंनी शेवटचं कडवं घेतलं. शेवटच्या शब्दावर आवाज चिरला, पण शब्द पुरा झाला. पंगत बसली तेव्हा ऊन पार कललं होतं. त्या दिवशी मी किती जेवलो ते विचारू नका.

आठवड्यानं वर गेलो तर बुधीबाई खुणांनी शिकवत होत्या. आवाज गेला होता. महिन्याभरानं तो परत आला, पण बोलण्यापुरता. गाण्याचा आला नाही. सूर लावायला गेल्या की फुटक्या मडक्यात खडे हलवल्यासारखं व्हायचं. मला फार वाईट वाटलं. उन्हात तासन्‌तास गाऊन गळ्याला इजा झाली, पुण्याला डॉक्टरला दाखवू, असं मी म्हणालो. दाखवलंही. डॉक्टरही तेच म्हणाले आणि त्यांनी हात टेकले.

"तुमचंबी खरं, डाक्तरचंबी खरं," परत येताना एसटीत त्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "देवाला दंड घ्यायला काईतरी वाट लागतीच की. न्हाई म्हनले न्हाई, पन ताटकळत ठिवलं ते ठिवलंच. गळा घेतला. शाळंला हात न्हाई लावला. देव वाईट न्हाई, गुरजी." आणि एसटीभर ऐकू जाईल इतकं हसल्या. मला हसता आलं नाही. खिडकीकडं तोंड करून बसलो.

दिवाळी झाली, ट्रक आला, आईबाप गेले आणि पोरं राहिली. पहिले चार दिवस लहानांनी रडून वाडी डोक्यावर घेतली. कोंडाबायनं त्यांना भुतांच्या गोष्टी सांगून गप्प केलं, त्यामुळं पुढचे चार दिवस पोरं भीतीनं रडली. मग सगळं सुरळीत झालं. माघात दिपोटी वर आले तर वर्ग भरलेला, आणि दाराशी उन्हात म्हाताऱ्यांची रांग, त्याही पाढे म्हणतायत. साहेबांनी न सांगता हिरडा मागून घेतला.

यानंतर वाडीत काही अडलं की लोक आपसूक म्हणू लागले, बाईला इचारा. पुढं त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. सरपंच वाडीचा विषय नेहमी शेवटी ठेवत आणि तो येईपर्यंत सभा उठे. बुधीबाई पहिल्याच सभेत म्हणाल्या, "ठिवा की शेवटाला. मला घाई न्हाई. तवर मी डोंगराच्या देवापासनं सुरू करते." काळूच्या लग्नाला आलेली दोन माणसं त्या सभेत होती. त्यांनी सरपंचांच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. वाडीच्या पाण्याचा विषय त्या दिवसापासून पहिला येऊ लागला. गळा गेला तरी दरारा शाबूत होता.

माझी पुढं बदली झाली, तिकडं मारुंजीच्या बाजूला. तरी मी वर्षातून एकदा तो चढ चढत असे. एका वर्षी ठमीच्या लग्नाला गेलो. सातवी पास झाली होती ती, स्वतःच्या पसंतीनं लग्न करत होती. मनात एकच प्रश्न होता, धवळा कोण गाणार?

आवाज गेल्यावर बुधीबाईंनी काय केलं होतं, ते मला मांडवात कळलं. एकीनं एकीला द्यायचा धवळा त्यांनी शाळेतल्या सगळ्या मुलींना देऊन टाकला होता. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली तेव्हा म्हणाल्या होत्या, "एकीकडं ठिवला अन् काय झालं, बगितलं न्हवं?" मांडवात सकू आणि तिच्याबरोबरच्या मुली ओळीनं बसल्या होत्या. बुधीबाई माझ्या शेजारी, बाजेवर, लोकांत. आता केस पांढरे, नाकावर चष्मा.

मुलींनी धवळा धरला. मी मांडवाकडं कमी आणि बुधीबाईंकडं जास्त बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते, बोट गुडघ्यावर ताल धरत होतं. डोंगराचा देव आला, बसला. पाण्याची आई आली. शाळेचा देवही आला, त्याला आता नेमानं पाट होता. एके ठिकाणी मुली जरा अडखळल्या. बुधीबाई बाजेवर पुढं सरकल्या, आता मुली इकडं बघणार, म्हणून. सकूनं सूर उचलला आणि बाकीच्या तिच्यामागं गेल्या. शेवटचं कडवं आलं. मला वाटलं, आता तरी थांबतील, बाईंकडं वळतील, मान तरी देतील. मुली आपल्याच नादात, माना हलवत, हसत, खणखणीत आवाजात ते कडवं म्हणून मोकळ्या झाल्या. अक्षता उडाल्या. लग्न लागलं.

माझा जीव हळहळला. वळून पाहिलं तर बुधीबाईंच्या चष्म्याखालून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर जोरात थाप मारली.

"बगितलं का गुरजी?" त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "एकीनंबी माझ्याकडं बगितलं न्हाई."